उलट्या पावलांचा वॉल्ट्झ

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे अडकली होती आणि आतला माणूस नाचत होता.

म्हणजे त्याला नाच म्हणायचं की नाही, हाच प्रश्न होता. दुरुस्तीला आलेल्या मुलीने चावी फिरवून चौथ्या मजल्याचं दार सरकवलं, गुडघे टेकून खाली डोकावलं, तर एक चष्मेवाला तरुण डोळे मिटून, हात हवेत धरून, "मागे... बाजूला... जवळ" असं पुटपुटत त्या चार फुटांच्या डब्यात फिरत होता.

"अहो!"

तो केवढ्याने तरी दचकला. "सुरू झाली?"

"कशी होईल? आत उड्या मारत होतात ना?"

"उड्या नाही हो... चा-चा-चा."

"तेच ते! हिसका बसला की ही जागच्या जागी थांबते. किती वर्षं लिफ्ट दुरुस्त करतेय, पण असलं कारण पहिल्यांदाच ऐकलं."

"नाचाच्या क्लासचा पहिलाच दिवस आहे. म्हटलं, चारचौघांत हसं नको व्हायला."

"ते तर झालंच. आता हलू नका. डावा पाय नाही, उजवा नाही... काही नाही."

"श्वास घेऊ का?"

"हळू घ्या."

आणि गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीकडे जिने चढताना ती एकटीच हसत होती. आता हसण्यासारखं एवढं काय होतं त्यात? काही नाही. पण हसू यायचं ते येतंच.

लिफ्ट वर आणून तिने त्याला बाहेर काढलं, समोरच्या क्लासचं दार दाखवलं आणि लिंबाच्या साबणाने तीनदा हात धुतले. ग्रीसचा वास तेवढ्याने जातो असं नाही, पण आपलं समाधान. मग अवजारांची पिशवी खांद्याला अडकवून तीही त्याच दारातून आत गेली.

"तुम्ही? इथलंही काही बिघडलंय का?" त्याने विचारलं.

"मीही शिकते. पाच महिने झाले."

"बरं झालं! म्हणजे एक तरी ओळखीचं माणूस..."

"ओळख कसली, पाच मिनिटांची!"

"सात. तुम्ही वर गेलात तेव्हा मी मोजत होतो."

क्लास चालवणाऱ्या बाई पाच फुटांच्याही आतल्या, पण आवाज दोन मजले खाली ऐकू जाई. त्यांच्याकडे चौदा बायका आणि अडीच पुरुष. अडीच, कारण तिसऱ्याचा गुडघा दुखायचा. पुरुष औषधालाही मिळत नाही म्हणून बाईंनी पहिल्याच दिवशी हिची उंची बघून हिला पुरुषांच्या बाजूला उभं केलं होतं. तेव्हापासून ही डावा पाय पुढे टाकायची, समोरच्या बाईला न्यायची, वळवायची, भिंतीवर आपटण्यापासून वाचवायची. छान जमायचं तिला ते. दिवसभर यंत्रांना ताळ्यावर आणणारी मुलगी, तिला माणसं वळवणं काय कठीण?

त्या दिवशी वॉल्ट्झ होता. बाईंनी फरशीवर थोडी पावडर भुरभुरवली आणि टाळी दिली. "पुरुषांनी डावा पाय पुढे, उजवा बाजूला, डावा जवळ. बायकांनी उजवा मागे, डावा बाजूला, उजवा जवळ. एक-दोन-तीन!"

चष्मेवाल्याने उजवा पाय मागे टाकला.

"अहो, पुढे! डावा!"

त्याने पुन्हा उजवा मागे टाकला. बाईंनी कपाळाला हात लावला. "ह्या बायकांच्या स्टेप्स आहेत. कुणी शिकवल्या?"

"कुणी नाही. माझे बाबा असेच नाचायचे. घरी, आईबरोबर. मी लहानपणी सोफ्यावर बसून त्यांचे पाय बघायचो."

"मग तुमचे बाबा आयुष्यभर चुकले," बाई म्हणाल्या. त्यांच्या जिभेला हाड नव्हतंच.

त्याचा चेहरा पडला. तो चष्मा काढून उगाच पुसत बसला. तिला ते बघवेना. ती पुढे झाली आणि सरळ त्याच्यासमोर हात धरून उभी राहिली.

"या. मी नेते, तुम्ही या मागे. बाबांसारखेच."

आणि काय सांगू! तिचा डावा पुढे, त्याचा उजवा मागे. तिने वळवलं की तो वळायचा, ती थांबली की थांबायचा. पहिल्याच फेरीत सगळा क्लास बाजूला सरून बघायला लागला.

"उलट्या पायांची कोण असतात, ठाऊक आहे ना?" ती त्याच्या कानाशी म्हणाली.

"भुतं. मानगुटीवर बसतात आणि उतरत नाहीत."

"असं?"

"हो. आधीच सांगून ठेवतो."

तिची लय चुकली. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

मग दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहाला हे सुरू झालं. रुंबा आला... एक पाऊल सावकाश, दोन झटपट, आणि त्या सावकाश पावलात दोघांनी कुठे बघायचं हेच कळत नसे. साल्सा आला. त्यात त्याचा चष्मा दोनदा उडाला. दोन्ही वेळा तिनेच झेलला.

"तुम्हाला चष्म्याशिवाय काही दिसतं का?"

"हाताच्या अंतरावरचं सगळं दिसतं," तो म्हणाला आणि ते हाताचंच अंतर होतं.

त्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांना "हे स्पष्ट दिसतं की ते?" विचारायचा, आणि सवयीने इथेही तेच. "हे वळण बरं की ते?" विचारायचा. तिला दोन्ही बरी वाटायची. घरी मावशीने तिला एकदा इस्त्री करताना पकडलं.

"कामावरच्या पँटला इस्त्री? लिफ्टला दाखवायला?"

"मावशी, गप्प बस ना गं."

"मी कुठे काय म्हटलं! तू इस्त्री कर. फक्त ती आधी चालू कर."

तर असं सगळं चाललेलं. पण तो काही हौसेखातर आला नव्हता. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हापासून आईने रेडिओसुद्धा लावला नव्हता. सहा आठवड्यांनी तिला पासष्ट पूर्ण होणार होती. त्या दिवशी घरात सगळ्यांसमोर आईला पुन्हा एकदा नाचवायचं, हे त्याने मनाशी ठरवलं होतं.

"आणि तेही बरोबर नाचवायचं," तो म्हणाला. "बाबांना जे जमलं नाही, ते. तुम्ही शिकवाल? पुरुषांचं?"

"शिकवते की," ती म्हणाली.

बाईंनी लांबून ऐकलंच. "शिकव, शिकव! एकदा यांना नीट नेता आलं की मी यांना सगळ्या बायकांत फिरवणार. किती दिवस एकीनेच अडवून ठेवायचा माणूस?"

चौदा बायका. म्हणजे तिच्या वाट्याला संध्याकाळची चार-पाच मिनिटं. शिवाय तिला तर पाच महिन्यांत बायकांच्या बाजूचं एकही पाऊल माहीत नव्हतं. तो शिकला की तिचं काय काम उरणार होतं?

त्या शुक्रवारी तिने एक लबाडी केली. तो डावा पाय पुढे टाकायचा, पण भीत भीत, आणि दुसऱ्याच पावलाला तिच्या मागे मागे यायचा. तिने त्याला सावरून घेतलं, त्याच्या नकळत स्वतःच नेलं आणि म्हणाली, "जमतंय की."

"खरंच?"

"अगदी."

तो इतका खूश झाला की जिन्याने नाचत खाली गेला. लिफ्टवर त्याचा अजून विश्वास नव्हता. तिने मात्र रात्री अर्धं ताट तसंच ठेवलं. मावशीने विचारलं तर म्हणाली, मीठ जास्त झालंय.

मंगळवारी तो आला तोच सांगत. "आईला नाचायचं सांगितलं, तर तिने नवीन सॅंडल घेतल्या! सपाट तळव्याच्या. तीन वर्षांत पहिल्यांदा स्वतःसाठी काही घेतलं तिने. दुकानातच एक गिरकी मारून बघितली म्हणे."

पासष्टीची बाई, नव्या सॅंडल, वीस माणसं आणि मधोमध हा चाचपडणार... कशासाठी? तर हिला दोन संध्याकाळी जास्त मिळाव्यात म्हणून!

"ऐका. शुक्रवारी मी खोटं बोलले. तुमचं काहीही जमत नव्हतं. मीच नेत होते."

"मग तसं का म्हणालात?"

"म्हणाले... झालं. आता विचारू नका. डावा पाय पुढे. आज मी तुम्हाला अजिबात मदत करणार नाही."

मग मात्र तिने हातचं काही राखलं नाही. सहाला क्लास, तर ही साडेपाचलाच त्याला उभा करायची. त्याला न्यायला शिकवायचं म्हणजे हिला मागे जायला शिकायला हवं, आणि ते काही केल्या होईना. खांदे ताठ. मान ताठ.

"तुम्ही मला ओढताय," तो म्हणाला.

"मी नाही, तुम्हीच ढकलताय."

"मी ढकलत नाहीये, मी विचारतोय. हातानं. इकडे येता का, असं."

"मग जरा मोठ्याने विचारा!"

बाई लांबून हसून हसून खोकल्या. पण चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी त्याच्या हाताने तिच्या पाठीवर अगदी हलकं काही सांगितलं आणि तिचा उजवा पाय आपसूक मागे गेला. कुणी न सांगता, न मोजता. ती घाबरलीच. तिला रडू येईल असं वाटलं आणि ती पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर पळाली. आता हा तयार झालाय, एवढंच तिला कळलं. झालं, संपलं.

वाढदिवस रविवारी दुपारी होता. बैठकीच्या खोलीतलं सगळं सामान भिंतीला लावलेलं, दारात चपलांचा ढीग. तिलाही आग्रहाने बोलावलं होतं. "ही माझी गुरू," असं त्याने आईला सांगितलं. आई छोटीशी, गोरीगोमटी, डोळे मिश्कील. तिने हिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "गुरू भलतीच उंच आहे रे!"

गाणं लागलं. त्याने आईपुढे वाकून हात केला. ही दारापाशी उभी राहून मुठी आवळून मनात म्हणत होती, डावा पुढे, डावा पुढे...

त्याने डावा पुढे टाकला. झोकात टाकला. आणि आईनेही डावा पुढे टाकला!

गुडघ्यावर गुडघा आपटला. आई कळवळली. दोघांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा टक्कर. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"अरे, हे काय करतोयस?" आई म्हणाली.

"आई, पुरुष डावा पुढे टाकतो. बायकांनी उजवा मागे. मी नीट शिकून आलोय."

"कोण म्हणतं? या घरात मीच डावा पुढे टाकला. लग्न झालं तेव्हा नाच मला येत होता, तुझ्या बाबांना ओ की ठो कळत नव्हतं. मला म्हणाले, तू ने, मी येतो. मी नेलं. चाळीस वर्षं." तिचा आवाज एवढासा झाला. "एकदासुद्धा चुकले नाहीत ते."

मग त्याने चष्मा काढून खिशात टाकला, मोठा श्वास घेतला आणि उजवा पाय मागे टाकला.

मग काय विचारता! आई नेत होती, तो येत होता. खिडकीपासून कपाटापर्यंत, कपाटाला वळसा घालून परत. आई रडत होती, हसत होती, मधेच "सरळ उभा राहा" म्हणून ओरडत होती. वीस माणसं टाळ्या वाजवत होती आणि दारापाशी उभी असलेली ही डोळे पुसत होती. आनंदाने, अगदी मनापासून आनंदाने. आणि त्याच आनंदात तिला कळून चुकलं, की आपण शिकवलेल्यातलं एक पाऊलही इथे लागलं नाही.

ती हळूच स्वयंपाकघरात आली. पिशवी उचलायची आणि सटकायचं.

"न सांगता?" तो दारात उभा होता. धापा टाकत, केस विस्कटलेले.

"छान नाचलात. माझ्या शिकवण्याचा मात्र... काही उपयोग झाला नाही."

"तेच विचारायला आलोय. आईला ती पावलं नकोत. मग सहा आठवडे एवढं शिकलो, ते कुणाबरोबर नाचू?"

"बाईंच्या चौदा जणी आहेत की."

"त्यांच्याबरोबर नाही येत मला. शुक्रवारी गुडघेवाल्यांनी त्यांची बायको दिली होती क्षणभर, तर मी तिला सरळ खिडकीत नेलं. मला फक्त तुमच्याबरोबर नेता येतं."

ती ओट्याला टेकली. मग एकदम बोलून गेली, कारण आता नाही तर कधीच नाही. "त्या शुक्रवारी मी खोटं का बोलले, माहितीये? तुम्ही शिकलात की मला सोडून जाल म्हणून. मला तुम्ही आवडता. फार. आता म्हणा काय म्हणायचं ते."

बाहेर नवं गाणं लागलं होतं. त्याने फक्त हात पुढे केला.

"मला मागे जायला भीती वाटते," ती म्हणाली.

"मलाही पुढे यायला वाटते. तूही मला खूप आवडतेस. चल."

ओटा आणि फ्रिज यांच्यामध्ये दीड पावलाची जागा. तिने डोळे मिटले. त्याने डावा पाय पुढे टाकला आणि तो थेट तिच्या अंगठ्यावर पडला.

"सॉरी! लागलं?"

"लागलं," ती डोळे न उघडता म्हणाली. "थांबू नकोस."