खिशातलं डाळिंब

"हा डाग कसला?"

"डाळिंबाचा."

"मग विसरा शर्ट," ती म्हणाली.

काउंटरपलीकडचा तरुण एवढासा झाला. त्याच्या हातात पांढरा शर्ट होता आणि शर्टाच्या खिशावर, नेमका काळजाच्या जागी, लालभडक डाग. लाँड्रीत लहानाची मोठी झालेल्या मुलीला डागावरून माणूस ओळखता येतो. शाईचा डाग म्हणजे विसराळू, तेलाचा म्हणजे खादाड. पण खिशात डाळिंब? असं गिऱ्हाईक तिच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं.

तो हवामान कार्यालयात कामाला होता. दुपारी डाळिंब सोलून मूठभर दाणे तोंडात टाकणार, तोच साहेब आत आले. घाईघाईत त्याने मूठ खिशात रिकामी केली. साहेबांना नेमकी त्याच दिवशी बढती मिळाली होती. आनंदाच्या भरात त्यांनी दिसेल त्याला कडकडून मिठी मारायचा सपाटा लावला होता.

"आणि साहेबांचा शर्ट?" तिने विचारलं.

"तो... मी आणलेला नाही."

ती हसली आणि हसतच राहिली. आतल्या खोलीत आत्याची वाफेची इस्त्री फुसफुसत होती, ती थांबली. आत्याची इस्त्री थांबली की समजायचं, आत्याचे कान बाहेर आलेत. लाँड्री आत्याची, वरची खोली आत्याची आणि भाचीसुद्धा लहानपणापासून आत्याचीच. 'मनी' हे नावही तिनेच ठेवलेलं, कारण पोरगी मांजरासारखी ऊब शोधत बॉयलरपाशी जाऊन बसायची.

ऊब शोधावी लागेल असंच ते गाव होतं. तिथे उन्हाळा पाहुण्यासारखा यायचा आणि नीट टेकायच्या आत निघायचा.

मनीने सवयीने खिसा उलटा केला. कोपऱ्यात काही दाणे अजून शाबूत होते. तिने ते तळहातावर घेतले आणि उजेडाकडे धरले.

"हे परत हवेत का? की रुजवू?"

"इथे?" त्याच्यातला हवामानवाला जागा झाला. "इथल्या गारठ्यात डाळिंब? शक्यच नाही."

"काल रेडिओवर कडक ऊन पडणार म्हणून सांगितलं होतं. ते तुम्हीच ना?"

बाहेर पावसाची झोड उठली होती. त्याने एकदा तिकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"उगवलं," तो म्हणाला, "तर तुम्ही म्हणाल ते."

"नक्की?"

"शब्द दिला."

त्या शब्दासाठी म्हणा किंवा तो देताना त्याचे कान लाल झाले होते म्हणून म्हणा, मनी त्या दाण्यांच्या मागे हात धुऊन लागली. बिया फडक्यात घालून चोळल्या, वरचा गर पार काढला, कागदावर सुकवल्या. साबणाचा रिकामा डबा घासून त्याच्या बुडाला भोकं पाडली, भुसभुशीत माती भरली, बोटाच्या पेराने खळगे केले आणि डबा बॉयलरवरच्या फळीवर ठेवला. तिथे अख्ख्या गावात नसेल एवढी ऊब होती. शर्टाचा डाग मात्र लिंबाने गेला नाही, सोड्याने गेला नाही. उलट जांभळा होऊन आणखी जोरात बसला.

हवामानवाला दर दोन-चार दिवसांनी शर्ट घेऊन यायला लागला. आला की आधी विचारायचा, उगवलं का? मग सांगायचा, उद्या पाऊस आहे. मनी लगेच कपडे वाळत घालायला काढायची, आणि बहुतेक वेळा तीच बरोबर ठरायची. एकदा आत्याने त्याचा एक शर्ट नाकाशी नेला आणि जाहीर केलं की हा स्वच्छ आहे. याला घामाचा तर सोडाच, माणसाचाही वास नाही.

"मने, हा घडी मोडून आणतो गं."

मनीने मान खाली घातली आणि पावती फाडली.

शेवटी एक दिवस मातीत भेग पडली. त्यातून वाकलेली मान वर आली, आणि दोन हिरवी पानं उघडली. मनी ओल्या हातांनीच दुकानभर नाचली. त्या संध्याकाळी तो आला तेव्हा तिने डबा त्याच्यासमोर ठेवला. तो वाकून बघायला लागला, तीही वाकली आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटली.

"हरलो," तो कपाळ चोळत म्हणाला. "बोला. काय हवं?"

तिला काय हवं होतं ते तिला चांगलंच ठाऊक होतं. पण ते असं काउंटरवर, कपड्यांच्या गाठोड्यांमधून कसं म्हणायचं? शब्द ओठांपर्यंत यायचे आणि वळून परत जायचे.

"राखून ठेवते," ती म्हणाली.

उन्हाळाभर तो विचारत राहिला, ती राखून ठेवत राहिली. रोप डब्यातून कुंडीत गेलं, पायरीवर उन्हाला बसलं, वीतभर वाढलं. गारठा परत फिरल्यावर मनीने ते वरच्या खोलीत खिडकीशी नेलं. झाडांशी बोललं की ती वाढतात असं आत्या कधीतरी म्हणाली होती. मनी बोलायला लागली, आणि तिला थांबायचं कसं ते कळेना. जे खाली कोणाला सांगता येत नव्हतं ते सगळं ती वर रोपाला सांगायची. त्याला ती 'राजा' म्हणायची. आता ऐकणारं कोणी नसलं की माणूस काहीही म्हणतं.

पण एकदा ऐकणारं कोणीतरी होतं. मनीला याचा पत्ता नव्हता, तुम्हाला मात्र सांगून टाकलेलं बरं.

त्या संध्याकाळी हवामानवाला जिना चढून वर आला. रात्री कडाक्याची थंडी पडणार होती, रोप खिडकीतून हलवा हे सांगायला. या वेळी अंदाज चुकणार नव्हता आणि त्याचा त्याला कोण आनंद झाला होता. तो दार वाजवणार, तोच आतून मनीचा आवाज आला. इतका लाडिक आवाज त्याने खाली कधी ऐकला नव्हता.

"ये रे राजा, इकडे ये. त्या खिडकीत कुडकुडशील. आज माझ्याजवळच राहा... आणि आत्याला सांगू नकोस हं, ती हसेल मला."

बिचारा आल्या पावली जिना उतरला. आत्याला तो लालबुंद होऊन जाताना दिसला, पण तिला वाटलं, पोराने विचारलं असेल आणि पोरगी नाही म्हणाली असेल. असल्या बाबतीत आपण बोलू नये म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच आत्या गप्प बसली. तेही नको तेव्हा.

त्यानंतर तो आलाच नाही. एक दिवस गेला, आठवडा गेला. त्याचे इस्त्री केलेले शर्ट कार्यालयातला दुसराच माणूस घेऊन गेला. जाता जाता त्याने सांगितलं की या शर्टांच्या मालकाने दक्षिणेकडच्या केंद्रात बदली मागितली आहे. मनी ऐकून हसली, पावती दिली, सुट्टे दिले, आणि मग मागे जाऊन बॉयलरपाशी बराच वेळ बसून राहिली. आपलं काय चुकलं हे तिला काही केल्या सापडत नव्हतं. मागायचं ते वेळेवर मागितलं नाही, हेच चुकलं असेल, असं तिने ठरवून टाकलं.

त्यात रोपाची पानं पिवळी पडायला लागली. पाणी वाढवलं तरी गळली, कमी केलं तरी गळली. शेवटी कुंडीत नुसती काटकी उरली. मनीला वाटलं, संपलं सगळं, रोपही आणि तेही. तरी तिने कुंडी टाकली नाही. रोज काटकीला "राजा, जेवलास का?" विचारायची आणि स्वतः अर्धं ताट तसंच ठेवायची.

थंडी ओसरत असताना एका दुपारी दार वाजलं आणि हवामानवाला आत आला. वाळलेला दिसत होता. उद्या निघतोय म्हणाला. तो डागवाला शर्ट इथेच राहिलाय, तो न्यायला आलोय.

"डाग गेला नाही," मनी म्हणाली.

"असू दे."

तिने फळीवरून शर्ट काढला. वर्षभर तो तिने गिऱ्हाइकांच्या कपड्यांत कधी ठेवलाच नव्हता. कागदात गुंडाळताना तिचे हात सावकाश चालत होते. दोरा बांधला, सोडला, परत बांधला.

"तुमचे... राजसाहेब कसे आहेत?" त्याने जमिनीकडे बघत विचारलं.

"कोण?"

"मी एकदा वर आलो होतो. थंडीचं सांगायला. तुम्ही कोणाला तरी... म्हणजे, मी मुद्दाम ऐकलं नाही. माणूस चांगला असेल, एवढंच."

मनीने आधी डोळे विस्फारले. मग तिच्या ध्यानात आलं, आणि ती अशी हसत सुटली की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते सगळंच हसण्याचं नव्हतं. ती धडाधड जिना चढली, आणि कुंडी पोटाशी धरून खाली आली.

"हे माझे राजसाहेब," तिने कुंडी काउंटरवर आदळली. "तुमच्याच खिशातले. पण गेले ते. मी मारलं त्यांना."

त्याने काटकीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. थंडीभर पाठीवर वागवलेलं ओझं कोणीतरी उतरवून घ्यावं तसा त्याचा चेहरा झाला.

"गेले कुठले?" तो हळूच म्हणाला. "डाळिंबाची पानं थंडीत गळतात. झोपतं ते. मी सगळं वाचून काढलं होतं... तुमच्याशी बोलायला काहीतरी हवं म्हणून."

त्याने नखाने साल जरा खरवडली. आत ओला हिरवा रंग होता. मनीने नाक काटकीला टेकेल इतकं जवळ नेलं. टोकाशी, डोळ्यांत तेल घालून पाहिल्याशिवाय दिसणार नाही असा, एक लालसर कोंब होता. तोही बघायला वाकला, आणि डोकी पुन्हा आपटली. या वेळी कोणीच मागे सरकलं नाही.

"पैज बाकी आहे," ती म्हणाली.

"मागा ना."

"मागा नाही. माग म्हण."

त्याचे कान पुन्हा लाल झाले. "माग."

इतके दिवस ओठांवरून परत फिरलेले शब्द या वेळी फिरले नाहीत.

"राजा, जाऊ नकोस. माझ्याजवळच राहा."

 तो कुंडीकडे बोट दाखवून म्हणाला, "हे त्याला म्हणतेस की मला?"

"त्याला कुठे जाता येतंय?"

आत इस्त्री केव्हाची थांबली होती. आता ती जोरात फुसफुसली आणि आत्याचा आवाज आला, बदली रद्द करायचा अर्ज आजच दे म्हणावं, आणि येताना शर्ट मळवून आण, स्वच्छ कपडे धुऊन आम्ही कंटाळलो.

निघताना त्याने तो डागवाला शर्टच अंगात चढवला. दारात थांबून आभाळाकडे पाहिलं आणि मोठ्या खात्रीने सांगितलं की उद्या लख्ख ऊन पडेल, कुंडी पायरीवर ठेव.

मनीने कुंडी पायरीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळत होता. ती दोघं एका छत्रीत कुंडीशेजारी बसली होती, आणि तो म्हणत होता, आता उघडेलच बघ.