दोन टिंबांपुढची रिकामी जागा

त्या दुपारी माझं काम अगदीच किरकोळ होतं. कालव्यावर सातवा पंप बसवला होता. त्याच्या चार ओळी सेटिंगच्या फाइलीत नीट बसल्यात का ते बघायचं आणि घरी जाऊन आईला भात-मासे रांधून द्यायचे. कसलं घर आणि कसला भात!

आमचं पाणी उपसा केंद्र म्हणजे कालव्याकाठची एक बुटकी इमारत. गल्ल्यांत साचलेलं पाणी उपसणारे शहरातले सगळे पंप आमच्या खोलीतून चालतात आणि कोणी कधी चालायचं ते एकाच फाइलीत लिहिलेलं असतं. त्या फाइलीचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं. पूर्वी तिच्यात कंस असायचे. एखादा स्वल्पविराम जास्त पडला की सगळं ठप्प व्हायचं, पण निदान अमुक ओळीत चूक आहे म्हणून बोंब तरी मारायची. मग नव्या पद्धतीची फाइल आली. कंस नाहीत, काही नाही. ओळ डावीकडून किती आत सरकली आहे, त्यावरून ती कोणाच्या पोटातली हे ठरतं. म्हणजे जे दिसत नाही त्याच्या हाती सगळा कारभार. आणि चुकलं तरी ही बया गप्प. तिला समजेल तसं करते आणि आपल्याला पत्ता लागू देत नाही.

ही पद्धत आणली पी चुअपनी. आमच्याकडे वयाने थोरल्याला नावाआधी ‘पी’ म्हणतात, आणि ते सगळ्यांत थोरले. कीबोर्डवरच्या लांब कळीवर दोनदा बोट मारून ते ओळ आत सरकवायचे. टक-टक. पलीकडच्या खोलीत ऐकू यायचं. रोज सकाळी ते अंगणातल्या राखणदाराच्या घरापुढे लाल सोड्याची बाटली ठेवायचे, नळी घालून. जागेच्या राखणदार देवाचं, खांबावरचं ते टीचभर घर. मी एकदा म्हटलं, "आत तर कोणीच नाही, पी."

"फाइलीत डावीकडे तरी कोण आहे?" ते हसून म्हणाले. "ती रिकामी जागा काढून बघ, मग कळेल."

गेल्या पावसाळ्यात ते गेले, खुर्चीत बसल्या बसल्या. खुर्ची आणि कीबोर्ड अजून तिथेच आहेत. कीबोर्डची वायर काढलेली आहे, खुर्चीत कोणी बसत नाही.

तर त्या दुपारी पाऊस असा लागला होता की खोलीत दिवे लावावे लागले. ठेकेदाराने सातव्या पंपाच्या ओळी चॅटवरून पाठवल्या होत्या. आमच्याकडे सगळंच चॅटवर चालतं, लग्नाचं आमंत्रण काय आणि पंपाचं सेटिंग काय. पण चॅटमधून येताना ओळीच्या सुरुवातीची रिकामी जागा गळून पडते. माझे साहेब पी सनित यांनी त्या ओळी फाइलीत चिकटवल्या आणि नजरेच्या अंदाजाने आत-बाहेर केल्या; त्या नादात आजूबाजूच्याही काही हलल्या. फाइलीने मुकाट्याने घेतल्या. आणि तिसरा पंप बंद पडला.

तिसरा पंप म्हणजे आईची गल्ली.

आईचे पाय गेल्याला वर्षं झाली. ती तळमजल्यावर झोपते. गल्लीत पाण्याला इतकी ओढ होती की होडीवाले तिकडे जायला तयार नव्हते. फाइलीची जुनी प्रत मुख्य कचेरीत, आणि तिकडची लाइन सकाळीच गेलेली. मी आणि पी सनित डोळ्यांत तेल घालून ओळी तपासत बसलो. हजारभर ओळी, एकीच्या पोटात दुसरी, तिच्या पोटात तिसरी.

"ही बरोबर आहे का गं?" ते विचारायचे.

"दिसतेय तर बरोबर."

"दिसतंय तर सगळंच बरोबर, ओई," ते हताश होऊन म्हणाले. "तेच तर..."

शेवटी मी हात टेकले. कपाटातली लाल सोड्याची बाटली उचलली आणि पावसात अंगणात गेले. राखणदाराच्या घरापुढे बाटली ठेवली. कुजलेल्या फुलांचा आणि उदबत्तीच्या ओल्या राखेचा वास येत होता. मी हात जोडले. आमच्यात नवस बोलताना काय देणार ते स्पष्ट सांगावं लागतं. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"राखणदारा," मी म्हटलं. आणि का कोण जाणे, पुढे तोंडातून निघालं, "पी चुअप... माझ्या आईला वाचवा. तिसरा पंप चालू होऊ दे. मी तुम्हाला..."

फोन वाजला. आई होती.

"ओई, पलंगाला पाणी लागलं गं..."

मी तशीच आत धावले. दारातच थबकले. पी सनित भिंतीला पाठ लावून उभे होते, दोन्ही हात काखेत घट्ट धरून.

"मी हात लावला नाही," ते कुजबुजले. "मी... हात लावलेला नाही."

टक-टक.

आवाज पी चुअपच्या टेबलावरून आला. वायर नसलेल्या कीबोर्डची लांब कळी खाली गेली, वर आली. खाली गेली, वर आली. इकडे माझ्या पडद्यावर फाइलीची एक ओळ आत सरकली. मग तिच्याखालची. घाई नव्हती, जागच्या जागी बसवत चालल्या होत्या. खोलीभर लाल सोड्याचा गोड वास पसरला. मला वाटलं होतं आपली पाचावर धारण बसेल. पण खरं सांगते, मला देवळात उभं असल्यासारखं वाटलं. नकळत माझे हात पुन्हा जोडले गेले.

कानाला लावलेल्या फोनमधून धडधड ऐकू आली. आईचा तिसरा पंप.

"उतरतंय गं," आई रडत म्हणाली. "पाणी उतरतंय."

पी सनितनी भिंतीपासून न हलताच विचारलं, "नवस बोललीस ना? काय देणार म्हणालीस?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, काय देणार ते मी बोललेच नव्हते.

फाइलीच्या तळाशी, अगदी डावीकडे, एक नवी ओळ होती. माझं नाव, पुढे दोन टिंबं, आणि बाकीच्या ओळींत जिथे आकडा असतो तिथे काही नाही. ही फाइल अशा रिकाम्या जागेला चूक म्हणत नाही. नंतर भरायची आहे असं समजून घेते.

आम्ही उकडलेली अंडी वाहिली, डुकराचं मुंडकं वाहिलं, नाचणाऱ्या बायका बोलावल्या. त्या ओळीत मी एकेक लिहूनही पाहिलं. सकाळी टिंबांपुढची जागा पुन्हा कोरी. आणि रोज ओळ थोडी वर चढलेली, दोन घरं आत सरकलेली. सातव्या पंपात शिरली, पाचव्यात शिरली.

आज सकाळी ती तिसऱ्या पंपाच्या पोटात होती, आईच्या गल्लीच्या नावाखाली. तिसरा पंप त्या दिवसापासून एकदाही थांबलेला नाही. ऊन पडलं, कालवा आटला, तरी चालूच आहे. ओळ खोडायला मी बोट उचललं आणि तसंच मागे घेतलं. काढून बघ, मग कळेल, असं पी चुअप म्हणाले होते.

मागच्या टेबलापाशी पी चुअपची खुर्ची करकरली.