जरा बसू द्या ना

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये गचकन थांबली, आणि मी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर खाली बसले. चांगली पाय पसरून, कापडाच्या गठ्ठ्याला टेकून... आणि डोळे मिटले.

"आत कुणी आहे का?" वरून आवाज आला.

"आहे!"

"घाबरू नका, आत्ता काढतो."

"नको, नको... म्हणजे घाई नको. सावकाश होऊ द्या."

वरची झडप उघडली. कपाळावर ग्रीसचा पट्टा असलेला एक चेहरा आत डोकावला. हा लिफ्टचा मेकॅनिक.

"अडकलेल्या माणसाला बाहेर यायचं नाही, असं पहिल्यांदाच बघतोय."

"सकाळपासून उभी आहे मी. आमच्या दुकानात बसायला बंदी आहे."

"गिऱ्हाईक नसेल तरीही?"

"तेव्हा तर जास्तच! साहेब म्हणतात, बसलेली पोरगी दिसली की दुकान आळशी दिसतं."

त्याने झडपेच्या कडेला एक नजर टाकली. मग पाना हातात फिरवत अगदी गंभीरपणे म्हणाला, "हा बोल्ट जरा घट्टच बसलाय बघा. वेळ लागणार."

मी हसले. ज्याला त्याचा हातसुद्धा लागला नव्हता, तो बोल्ट बराच वेळ घट्ट राहिला.

त्यानंतर आमची लिफ्ट सारखी आजारी पडू लागली. मी शर्टिंगच्या काउंटरवर कापडाचा ताका उलगडत असायचे आणि तो समोरून हत्यारांची पेटी घेऊन जायचा. जाताना एकदा बघायचा... मी मापाची पट्टी उगाचच पुन्हा लावायचे.

"लिफ्टची तब्येत फारच नाजूक झालीये हो," मी एकदा म्हटलं.

"लिफ्ट ठणठणीत आहे. मेकॅनिकचंच काही खरं नाही."

माझे कान गरम झाले. नव्या कापडाच्या वासात त्याच्या हातांचा तेलकट वास मिसळला, आणि मी गिऱ्हाइकाला भलत्याच रंगाचा ताका दाखवून बसले.

आमच्या शेजारच्या काउंटरला वहिनी होत्या. सगळं दुकान त्यांना वहिनीच म्हणायचं. त्यांना दिवस गेलेले, पोट चांगलंच दिसू लागलेलं, पाय सुजून चपलेत मावेनात. एका दुपारी त्या गठ्ठ्यावर जरा टेकल्या. साहेब गिऱ्हाइकांसमोर ओरडले, "घरी जाऊन बसा मग, कायमच्या!"

वहिनी झटकन उठल्या... आणि तशाच कोसळल्या. मी धावले. तोही लिफ्टमधून धावत आला. त्याने आपली पेटी त्यांच्या मागे ठेवली, तिच्यावर आम्ही वहिनींना बसवलं. मी पाणी पाजत होते आणि साहेबांकडे बघत होते. भीतीनं नाही. रागानं.

दुसऱ्या दिवशी मी कामगार कचेरीत गेले. तिथल्या अधिकारी मॅडमनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "उभ्यानं काम करणाऱ्यांना बसायची सोय देणं कायद्यानं मालकाला भागच आहे. तुम्ही मेहेरबानी मागत नाही आहात. करायची तक्रार?"

मी केली. साहेबांना कळलं, आणि मला कामावरून काढलं. वर निरोप आला, तक्रार मागे घे, तुला एकटीला गल्ल्यावर बसायचं काम देतो. गादीची खुर्ची!

"एकटीला नको," मी कळवलं.

त्या संध्याकाळी तो बसस्टॉपवर भेटला.

"सोडून दे ना तू ते," तो हळूच म्हणाला. पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. "मी आहे ना... कमावतो मी."

एरवी त्या 'तू'नं मी विरघळले असते. त्या दिवशी मात्र चिडले. "मला सांभाळणारा नकोय. मला माझं काम परत हवंय. आणि तिथल्या प्रत्येकीला बूड टेकायला जागा!"

बस आली. मी चढले. मागे वळूनही पाहिलं नाही... बरं, एकदा पाहिलं. तो तिथेच उभा होता.

सुनावणीच्या दिवशी मॅडमनी आधी दुकानाची पाहणी केली. बघते तर काय, काउंटरपाशी खुर्च्याच खुर्च्या! साहेब शांतपणे म्हणाले, "या पहिल्यापासूनच आहेत. ही मुलगी खोटं बोलते."

मी सगळ्यांकडे पाहिलं. बाकीच्या मुली जमिनीकडे बघत होत्या. प्रत्येकीला नोकरी टिकवायची होती.

"मॅडम, मी बोलू?"

तो लिफ्टपाशी उभा होता.

"या खुर्च्या काल माझ्या डोळ्यांदेखत लिफ्टमधून वर आल्या. खाली वाकून बघा, पायांचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही."

"तुझं इथलं काम गेलं समज!" साहेब गरजले.

"समजलो," तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाला, "कुणासाठी बोलत नाहीये मी. पाहिलंय, म्हणून बोलतोय."

पोटावर हात ठेवून वहिनी पुढे आल्या. "मी पडले, तेव्हा इथे एकही खुर्ची नव्हती." मग एकीनं मान वर केली, मग दुसरीनं... आणि सगळ्याच एकदम बोलू लागल्या. मॅडमना सांगावं लागलं, "एकेकीनं, एकेकीनं!"

निकाल आमच्या बाजूनं लागला. मला कामावर परत घ्यायचं, वहिनींना बसूनच काम द्यायचं, आणि खुर्च्या कायमच्या राहणार. परत आले त्या सकाळी मी ताठ मानेनं पुढच्या दारातून आत गेले. साहेबांनी रस्ता दिला.

त्याचं इथलं काम मात्र खरंच गेलं. त्याच्या कंपनीनं त्याला दुसऱ्या इमारतींवर पाठवलं. कितीतरी दिवस दिसला नाही. मी कुणाला काही बोलले नाही, पण वहिनी म्हणाल्या, "लिफ्ट आता बंद पडत नाही, आणि तुझा चेहरा पडलेला."

आणि एका संध्याकाळी तो माझ्या काउंटरसमोर येऊन उभा राहिला. इस्त्रीचे कपडे, कपाळ स्वच्छ.

"आता इथे यायचं तर गिऱ्हाईक व्हावं लागतं," तो म्हणाला. "शर्टाचं कापड दाखवा."

"रोजच्या वापराचं?"

"लग्नाचं."

माझा हात ताक्यावरच थांबला. "कुणाच्या...?"

"ते तिच्यावर आहे. त्या दिवशी बसस्टॉपवर मी चुकीचं बोललो. तुला सांभाळायचं नाहीये मला. तुझ्या शेजारी... राहायचंय. तुझ्या आईंना कधी भेटायला येऊ?"

"आईला नंतर. आधी मला नीट विचारा."

त्याने विचारलं. नीट, माझ्या डोळ्यांत बघून. आवाज थोडा अडखळला, पण विचारलं.

मी कात्री बाजूला ठेवली, आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात "हो" म्हणाले.