ताटलीत उगवलेली कोर

“मेले! सगळे मेले!” सोनू किंचाळला.

“अरे, मग चांगलंच ना? मरायलाच तर हवे होते!” उमंग म्हणाला.

“हे नव्हते मरायचे! हे अंधारातले आहेत, शहाण्या!”

पूर्वीने सोनूच्या हातातली काचेची पेट्री डिश काढून घेतली आणि खिडकीपाशी उजेडात धरली. हळदीने पिवळी पडलेली बशी जवळजवळ स्वच्छ होती. पूर्वीचा चेहरा पडला.

गिरीज गावच्या समाजमंदिरामागे एक लहानशी खोली आहे. एम.एस्सी. करणाऱ्या मेघनाताईने ती झाडून-पुसून तिथे मुलांसाठी प्रयोगशाळा उभी केली होती. दिवाळीच्या सुट्टीत पूर्वी आणि तिचा शेजारी उमंग तिथेच पडीक असायचे. फुलपाड्याहून सुट्टीला आलेला उमंगचा आतेभाऊ सोनू पहिल्या दिवशी नाक मुरडत आला होता. आता तो जेवायलाही घरी जात नव्हता.

प्रयोग झकास होता. हळदीतलं पिवळं द्रव्य अंधारात गप्प बसतं. पण निळा प्रकाश पडला की ते आसपासच्या प्राणवायूला असं काही बिथरवतं, की शेजारचे जिवाणू पटापट मरतात! मुलांनी दह्यातले जिवाणू बशांमध्ये पसरले, झाकणं चिकटपट्टीने बंद केली. हळद घातलेल्या काही बशा निळ्या दिव्याखाली ठेवल्या. बाकीच्या फॉइलमध्ये गुंडाळून खोक्यात ठेवल्या. तुलनेसाठी त्याच खोक्यात हळद न घातलेल्या बशाही होत्या. दिव्याखालचे मरायला हवेत, अंधारातले वाढायला हवेत. दोन दिवस वाट पाहायची, बस्स!

आणि आता अंधारातलेही मेले होते.

“काय, बोंबललं का?” दारातून आवाज आला.

समाजमंदिराच्या समितीचे अध्यक्ष हरेश्वरकाका! या गृहस्थांना जगातलं सगळं कळत असे, निदान त्यांचं तसं म्हणणं होतं. प्रयोगशाळेचं उद्घाटन करताना त्यांनी टेबलावरच नारळ फोडला होता आणि पाणी सूक्ष्मदर्शकात गेलं, तर “शुभ असतं!” म्हणाले होते. समितीतले बाकीचे त्यांनी काही बोलायच्या आधीच माना डोलवत.

“हळद जंतू मारते, हे आमच्या म्हशीलाही ठाऊक आहे,” काका म्हणाले. “अंधारातही मेले ना? मग तुमचा दिवा काय कामाचा? ठरलंय ते ठरलंय, मेघना. उद्या रोझलिन मॅडमसमोर प्रयोग जमला तर खोली तुमची. नाही जमला तर संध्याकाळपर्यंत रिकामी. माझी सुकेळी ठेवायला जागा नाही, आणि इथे तुम्ही बुरशी वाढवताय!”

“जिवाणू, काका,” पूर्वी म्हणाली.

“तेच ते!” काका म्हणाले आणि निघून गेले.

मेघनाताई परीक्षानळ्या पुसून खोक्यात भरू लागली. ते पाहून पूर्वीला इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. कुणाची खोली आणि कुणाची केळी! ज्यांना जिवाणू आणि बुरशी यांतला फरक कळत नाही, ते प्रयोग जमला की नाही हे ठरवणार?

तिने पुन्हा बशी उचलली.

“सोनू, तू ‘सगळे मेले’ म्हणालास. मग हे काय आहे?”

बशीच्या मधोमध एक जाडसर, वाकडी पट्टी होती. तेवढ्याच जागी जिवाणू दाट वाढले होते.

“चंद्रकोर!” सोनू म्हणाला.

“या दुसऱ्या बशीतही आहे,” उमंग म्हणाला. “आणि या तिसरीतही! सगळ्यांत कोर कशी उगवली?”

“म्हणजे कुणीतरी फॉइल काढलं आणि आत उजेड शिरला,” पूर्वी सावकाश म्हणाली. “उजेड पडला तिथले मेले. आणि झाकणावर काहीतरी ठेवलं होतं, त्याच्या सावलीतले वाचले.”

“नाहीतर उन्हाने तापून मेले असतील!” उमंगला आपलं म्हणणं पुढे रेटायची सवय होती.

“मग हळद नसलेल्या कशा वाचल्या? बघ, गच्च भरल्यात. त्याही त्याच खोक्यात होत्या.”

उमंगने डोकं खाजवलं. “बरं बाई, तू जिंकलीस. पण कोरीच्या आकाराचं ठेवलं काय?”

पूर्वीचा जन्म केळीच्या वाडीतला. तिने बशी आडवी धरली, उभी धरली आणि एकदम हसायलाच लागली.

“गच्चीवर चला!”

समाजमंदिराच्या गच्चीवर हरेश्वरकाकांची सुकेळी वाळत होती. सोललेली राजेळी केळी उन्हात वाळवून, चिकट तपकिरी झालेली, बांबूच्या चटयांवर ओळीने मांडलेली. एकेक सुकेळं कसं वाकलेलं! सोनूने एक उचललं आणि तोंडाशी नेलं.

“थांब!” पूर्वी ओरडली. “त्याच्या पाठीला काय चिकटलंय?”

बशीच्या झाकणावरून निघालेली कागदाची पट्टी होती. तिच्यावर मेघनाताईच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘हळद – अंधार’.

“खोलीची दुसरी किल्ली काकांकडेच असते!” उमंगच्या मुठी वळल्या. “चल, आत्ताच्या आत्ता तोंडावर फेकू!”

“ते म्हणतील, आपणच चिकटवली. आणि वर सुकेळी चोरायला आलो म्हणून आपल्यालाच बदडतील.”

“मग?”

“मग त्यांनाच बोलू द्यायचं. त्यांना बोलायला आवडतं ना!”

दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात खुर्च्या भरल्या. निवृत्त प्राचार्या रोझलिन मॅडम पहिल्या रांगेत होत्या. हरेश्वरकाकांनी त्यांना फुलांचा गुच्छ दिला आणि वर सुकेळ्यांचा डबा उघडून आग्रहही केला. त्यांनी एक खाल्लं. काकांनी दोन खाल्ली. समितीने काकांकडे बघून खाल्ली. मग काकांनी भाषण ठोकलं. आजच्या मुलांना शिस्त कशी नाही, विज्ञान हे आपल्या स्वयंपाकघरातच कसं आहे, आणि प्रयोग फसला याचं आपल्याला किती वाईट वाटतं, हे त्यांनी तीन-तीनदा सांगितलं. वाईट वाटत असलेला माणूस इतका खुशीत पहिल्यांदाच कुणी पाहिला असेल.

“समितीतलं कुणी त्या खोलीत गेलं होतं का, काका?” पूर्वीने अगदी नम्रपणे विचारलं.

“मी? त्या घाणीत मी पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही!”

“बरं झालं!” पूर्वीने बशी उंच धरली. “कारण या बशांवर कुणीतरी सुकेळी वाळत घातली होती. बशांमध्ये लाखो जिवंत जिवाणू आहेत. ती सुकेळी ज्यांनी खाल्ली असतील, त्यांनी कृपया हात वर करावेत!”

समितीतल्या एकाने हळूच तोंडातला घास रुमालात काढला. हरेश्वरकाकांनी एकदा पोटावर हात ठेवला, एकदा गळ्यावर ठेवला.

“अगं, पण... पण झाकणं मी उघडलीच नव्हती!” ते ओरडले. “चटया कमी पडल्या म्हणून चार तास खोक्यातल्या सगळ्या बशा घेतल्या गच्चीवर! काच चांगली तापते, मुंग्या चढत नाहीत! परत फॉइल होतं तसं गुंडाळून ठेवलं की नाही? मेघना, अगं, डॉक्टरला बोलव! मी सकाळपासून सहा खाल्ली!”

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. पण तोवर उमंग पोट धरून खाली बसला होता.

“घाबरू नका, काका,” पूर्वी म्हणाली. “दह्यातलेच आहेत. तुम्ही रोज ताकातून पिता. आणि झाकणं बंद होती, म्हणजे सुकेळ्यांना ते लागलेही नसणार.”

आधी पोरं हसली, मग आया हसल्या, आणि शेवटी समितीलाही हसावं लागलं. काका रागाने लाल झाले. “म्हणजे प्रयोग फसलाच की! अंधारातल्या बशा उन्हात गेल्या, मग उरलं काय?”

रोझलिन मॅडम उठल्या. त्यांनी बशी घेतली, उजेडात धरली आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

“फसला? हरेश्वर, एकाच बशीत, त्याच हळदीत, उन्हातले मेले आणि सावलीतले जगले. प्रकाशाशिवाय हळदीने मारलं नाही, हे याहून स्पष्ट मी वर्गात कधी दाखवू शकले नाही. आणि ही कोर पाहून चोरी ओळखणारी मुलं तर मला कधी मिळालीच नाहीत. शाब्बास पोरांनो! मेघना, तुझी शिकवणी सोन्याची आहे.”

काकांचा चेहरा एकदम उजळला. “म्हणजे माझ्यामुळेच सिद्ध झालं म्हणा की!”

“हो, तुमच्यामुळेच,” मॅडम शांतपणे म्हणाल्या. “अडाणीपणाचाही उपयोग होतो. फक्त समोर हुशार मुलं असावी लागतात. आता ती दुसरी किल्ली मेघनाला द्या. खोली मुलांची आहे.”

काकांनी समितीकडे पाहिलं. समितीने मान डोलावली, पण या वेळी मॅडमकडे बघून. काकांनी किल्ली टेबलावर टाकली आणि चहाला न थांबता निघून गेले.

मेघनाताईने डोळे पुसले आणि लगेच कंबर कसली. “एवढ्यावर विज्ञान भागत नाही हं! हाच प्रयोग मुद्दाम करून बघायचा. झाकणावर काळ्या कागदाचे आकार ठेवू. सोनू, तू काय कापणार?”

“चांदणी!”

“आणि मी हरेश्वरकाका कापणार!” उमंग ओरडला. “पोटासकट! जिवाणू काकांच्या आकारात उगवतील!”

मेघनाताईने डोळे वटारले, पण कात्री आधी त्याच्याच हातात दिली.