मारुतीचा पाट

मद्रासच्या मैलापुरातल्या निम्म्या मराठी घरांची लग्नं-मुंजी एकोजीरावांच्या कॅमेऱ्यापुढून गेली होती. नवरदेव फारच ताठला, की ते काळ्या कापडातून डोकं बाहेर काढून म्हणत, "जावईबापू, सासरे बघताहेत म्हणून श्वाससुद्धा सोडायचा नाही का?" नवरदेव फिसकन हसे आणि फोटो निघे.

सन अठ्ठावन्नची रामनवमी. दुपारी कनका त्यांच्या स्टुडिओत आली. कीर्तनकार नारायणस्वामीबुवांची ही लेक. बापाच्या मागे पेटी वाजवी. गेल्या वर्षीच्या दुखण्यापासून बुवांचा आवाज बसला होता.

"मामा, अप्पा म्हणतात, आज सूर लागला नाही तर चिपळ्या रामापुढे ठेवून देईन. त्यांचा गातानाचा एक फोटो हवा. शेवटचा असला तरी."

बुवांची कीर्तनं ऐकतच एकोजीराव लहानाचे मोठे झाले होते. 'शेवटचा' हा शब्द त्यांना सारखा टोचत राहिला.

संध्याकाळी भजनमंदिर खच्चून भरलं. मोगऱ्याचे गजरे, उदबत्त्या, गुळाच्या पानकातल्या सुंठीचा वास. एकोजीरावांनी बुवांच्या बाजूला कॅमेरा मांडला, म्हणजे बुवाही येतील आणि श्रोत्यांचे चेहरेही. चित्र झकास होतं. फक्त पहिल्या रांगेच्या पुढे, मधोमध, रिकामा पाट. रामकथा असली की मारुती ऐकायला येतो, म्हणून मांडलेला. एकोजीरावांना हे का ठाऊक नव्हतं? पण त्या वेळी त्यांच्यातला फोटोग्राफर वरचढ ठरला. त्यांनी वरची फुलं ओंजळीत घेतली आणि पाट उचलून भिंतीशी टेकवला.

लाकूड कोमट लागलं. उकाडाच तसा होता म्हणा.

बुवांनी चिपळ्या वाजवल्या, तोंड उघडलं. आवाज निघेना. कनकानं पुन्हा सूर धरला. नुसती घरघर. बुवांची नजर समोरच्या मोकळ्या जमिनीवर खिळली.

"पाट कुणी उचलला?"

एकोजीराव कानापर्यंत लाल झाले. लगबगीनं त्यांनी पाट जागेवर मांडला, वर फुलं ठेवली. "चुकलो, बुवा."

"मला काय सांगता, राव? त्याला सांगा!"

सभा खळखळून हसली. एकोजीरावांनी पाटाला हात जोडले आणि कॅमेऱ्याकडे वळले. मागे पाट करकरला. कुणी जड माणूस टेकावा तसा.

आणि मग बुवांचा आवाज लागला! आधी मंद्रात चाचपडला, मग असा चढला की मंदिराबाहेरचे रिक्षावालेही दारात येऊन उभे राहिले. लंकेतल्या राक्षसांची फजिती ऐकताना पोरं लोळली. सीतामाईला अंगठी पोचली तेव्हा बायकांचे पदर डोळ्यांना लागले.

पाटाच्या बरोबर मागे म्हाताऱ्या तुळजाबाई बसल्या होत्या. त्या कुरकुरल्या, "अय्यो, पुढच्याला जरा वाकून बसायला सांगा की! बुवा दिसत नाहीत."

"आजी, पुढे कोण आहे?" शेजारची वसंता हसली. "चष्मा पुसा आधी."

तुळजाबाईंनी चष्मा पुसला. पुन्हा लावला. मग बाजूला सरकल्या.

थोड्या वेळानं वसंताही सरकली.

बुवांनी हात उंचावून तान घेतली, तेवढ्यात एकोजीरावांनी फ्लॅश उडवला.

दुसऱ्या दिवशी फोटो हातात घेताच कनका रडता रडता हसली. बुवांच्या चेहऱ्यावर नुसता आनंद सांडत होता.

"शेवटचा नाही हो, मामा! अप्पा पहाटेपासून गाताहेत."

मग तिचं बोट फोटोवर थांबलं.

पाट रिकामाच होता. पण त्याच्या मागच्या रांगा मधोमध दुभंगल्या होत्या. निम्मी माणसं डावीकडून, निम्मी उजवीकडून माना काढून बुवांना बघत होती.

मधल्या फटीतून मंदिराची पांढरी भिंत दिसत होती. तिच्यावर एकच रुंद सावली पडली होती. तिचे दोन्ही हात टाळी वाजवायला उघडलेले होते.