पहिल्या गाडीची पाटी

आपल्या सातपाटीत एक वामन होता, वामनाची बायको उषा होती, आणि दोघांच्या पोटी एकुलती एक तेजल होती. होती म्हणजे आजही हायत सगळी, घाबरू नका. उषाचं दार माझ्या दारासमोर. तिच्या घरात फोडणी पडली की मला शिंक येते, म्हणून ही गोष्ट मला पहिल्यापासून ठाऊक. अक्षय, तो मोबाईल उपडा ठेव आधी. त्याचा उजेड तोंडावर पडला की तूच भूत दिसतोस.

तर वामन दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. उषा बाजारात म्हावरं विकते, ताजी मासळी. तेजल बोईसरला, कुंभवलीच्या बाजूला एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होती. दिवसभर उभं राहायचं आणि पुढून सरकत जाणारी पाकिटं बघायची. पोरीच्या मनात एकच, पोलीस व्हायचं. दोनदा फॉर्म भरला, दोनदा धावण्यात राहिली. ही तिसरी वेळ, आणि वयाच्या हिशेबानं शेवटची. या खेपेला हुकलं की खाकीचं नाव सोडायचं आणि जन्मभर त्या पाकिटांपुढे उभं राहायचं. घरात कोणी हे बोलून दाखवत नव्हतं. पण वामन जेवताना लेकीकडे बघायचा आणि मान खाली घालायचा, त्यात सगळं आलं.

मुलींना आठशे मीटर धावावं लागतं. तेजल बोईसरला राहायची त्या खोलीखालीच जिम होती. ड्युटी सुटली की ती तिथल्या धावायच्या मशीनवर चढायची. ट्रेडमिल म्हणतात ना, ते. पूर्ण पावसाळा आणि दिवाळी त्याच्यावर काढली. अशी धावायची की जिमवाला मिथुन म्हणायचा, "तेजल, मोटर जाळशील माझी."

भरतीच्या मैदानाची तारीख आली तशी रजा टाकून घरी आली. म्हणाली, आता उघड्यावर पाय बसवायला हवा. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर गेली. सोबत मैत्रीण जागृती, तिच्या हातात वेळ लावलेला मोबाईल. जागृतीनं हात खाली केला आणि तेजल जी सुटली! अर्धी फेरी अशी गेली की बघणाऱ्याला वाटावं, हिला आता सरकार घरी येऊन घेऊन जाईल. मग समुद्राचा वारा छातीवर आला. पायाखाली ढेकळं आली. एक फेरी पुरी व्हायच्या आतच ती कमरेवर हात ठेवून वाकली, आणि भडाभडा ओकली. क्रिकेट खेळणारी पोरं हसली.

"मशीनवर वाघीण," जागृती म्हणाली, "आणि खाली उतरली की कोलंबी. नुसती वाकडी."

"मशीन सांगतं गं किती पळायचं ते. पट्टा पाय मागं ओढतो, आपण नुसते उचलायचे. इथं मला कळतच नाय मी जोरात चाललेय का हळू."

"मग हळू सुट ना."

"हळूच सुटले असं वाटतं मला!"

पोरांच्या हसण्याची लाज वाटली म्हणून तिनं मैदान सोडलं. पहाटे अंधारात, पालघरकडे जाणाऱ्या शिरगावच्या रस्त्याला धावायचं ठरवलं. उषा म्हणाली, एकटी नाय जायचं. मग जागृती तिच्या मागून स्कूटर चालवायची, दिव्याचा उजेड तिच्या पायापुढे टाकत. चार-सहा दिवस असे गेले. रोज तीच गत. सुरुवातीला वाऱ्यासारखी, आणि वस्ती संपायच्या आत दम खलास. एकदा तर रस्त्याच्या कडेला बसून रडली. जागृतीनं स्कूटर बंद केली आणि शेजारी बसून राहिली.

आता नीट ऐका. महाशिवरात्र होऊन गेली होती. माघातली अवस. सोमवार संपला होता आणि मंगळवार उजाडायचा होता. शुक्रवारी मैदान. पहाटे साडेचारला जागृतीचा फोन आला. पोराला ताप हाय, मी येत नाय, तू पण जाऊ नको. तेजल हो म्हणाली. वामन बोटीवर, समुद्रात. उषा बंदरावर गेलेली, म्हावऱ्याच्या लिलावाला. घरात अडवायला कोणी नाय. शुक्रवार डोळ्यापुढे. पोरीनं बूट बांधले, दाराला कडी लावली आणि निघाली.

घरं मागं पडली. बोंबील वाळत घालायच्या काठ्या मागं पडल्या, त्यांचा वासही मागं पडला. शेवटचा दिवा गेला. पुढं एका अंगाला मिठागरं आणि दुसऱ्या अंगाला खाडी. अवसेचं उधाण ओसरत होतं, त्यामुळे चिखलातून बुडबुड आवाज यायचा. बाकी काय नाय. तेजल धावत होती, आणि रोजच्यासारखी जोरातच सुटली होती. छाती भरून आली. बरगडीखाली कळ उठली. आता थांबणार, तेवढ्यात तिला मागून पावलं ऐकू आली.

थप थप थप थप.

अनवाणी पावलं. बारीक, जवळजवळ टाकलेली. धावणं म्हणावं तर धावणं नाय, चालणं म्हणावं तर चालणं नाय. डोक्यावर ओझं घेऊन बाई घाईत निघाली की जशी जाते, तशी. तेजलला धीर आला. म्हणाली, चला, कोणीतरी हाय रस्त्याला. म्हावरं घेऊन पालघरला निघाली असेल.

आणि बघा, काय झालं. ती पावलं इतकी एकसारखी होती की तिचे पाय आपोआप त्यात पडायला लागले. तिची पावलं आखूड झाली. खांदे सैल झाले. कळ गेली. श्वास त्या थप-थपीला बांधल्यासारखा आत-बाहेर व्हायला लागला. मशीनचा पट्टा जसा चालवायचा, तसंच. रस्त्याखालची मोरी आली, गेली. वळण आलं, गेलं. पोरगी उघड्या रस्त्यावर पहिल्यांदा न थांबता धावत होती. तिला हसू यायला लागलं. एकटीच हसली.

मग तिच्या डोक्यात आलं...

आता डोक्यावर म्हावऱ्याची पाटी घेऊन चालत कोण जातं?

आमच्या वेळी जायच्या. पन्नास-पन्नास बाया, एकीमागं एक, पालघर स्टेशनात पहिली गाडी गाठायला. ती गाडी चुकली की म्हावरं नासलं, म्हावरं नासलं की चूल नाय. पण त्याला किती वर्षं झाली! आता टेम्पो हाय, रिक्षा हाय. उषा स्वतः टेम्पोनं जाते.

तेजलनं मागं बघितलं नाय. चाल जरा कमी केली. म्हटलं, पुढं जाऊ दे हिला.

पावलं पुढं आली नाहीत. जवळ आली.

थप थप थप थप.

आता बाजूला. उजव्या हाताला. डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला लुगड्याचा काष्टा दिसला. पोटऱ्या दिसल्या. पाय दिसले...

उलटे? नाय रे अक्षय, उलटे नव्हते. सरळ होते. चिखलानं भरलेले, टाचा फुटलेल्या, कामाच्या बाईचे पाय. रस्ता कोरडा होता. पाय ओले होते.

"बाय..."

आवाज म्हातारा नव्हता. दमलेला होता.

"बाय, पहिली गाडी गेली का गो?"

तेजलनं मान वळवली नाय. तरी बोलली. "नाय... ठाऊक नाय."

पावलं तिच्या पावलांना लागूनच चालली.

"पाटी लय जड झाली गो. हात लाव."

तुमाला ठाऊक नसेल, म्हणून सांगते. भरलेली पाटी बाईला एकटीनं डोक्यावर चढवता येत नाय, आणि एकटीनं उतरवताही येत नाय. समोर दुसरी लागते. म्हणून रस्त्यात कुठल्याही बाईनं हात लाव म्हटलं की लावायचा. भांडण असो, वैर असो, घाई असो. नाय म्हणायचं नाय. सातपाटीत ही रीत लेकीला चालायच्या आधी कळते. तेजललाही ठाऊक होती. पण हात लावायचा तर समोर उभं राहावं लागतं. दोन्ही हात वर करावे लागतात. आणि पाटीखाली... तोंड असतं.

तेजल पळाली.

जीव घेऊन पळाली. ती बारीक चाल विसरली, श्वास विसरली. बूट रस्त्यावर धाडधाड आपटत होते. आणि कानाशी, तशीच, ना जोरात ना हळू...

थप थप थप थप.

"हात लाव गो."

मिठागरं संपेनात. उजाडेना. एक गाडी येईना.

"कोणीच हात लावला नाय गो."

पोरीला मशीन आठवलं. मशीनला लाल बटण असतं. दाबलं की सगळं थांबतं. इथं काय दाबणार? डोळ्यापुढे काजवे आले. अजून वीस पावलं गेली असती तर ती पडली असती, हे तिनंच मला सांगितलं. आणि पडल्यावर ती बाई वरून वाकली असती. पाटी घेऊन.

तेवढ्यात तो आवाज परत आला. या वेळी शब्द नव्हते. नुसता उसासा. दिवसभर बाजारात बसून उषा घरी आली की उंबऱ्यात सोडते ना, अगदी तसा.

तेजल थांबली.

डोळे गच्च मिटले. वळली. हात वर केले.

काही नाय...

मग बोटांना वेताची कड लागली. गार. ओली.

आणि वजन आलं.

वजन म्हणजे काय सांगू! मनगटं मोडतात की काय असं. ती वाकली. सोडलं नाय. छातीपर्यंत आणलं... कमरेपर्यंत... गुडघ्यापर्यंत. कपाळाजवळ कोणाचा तरी श्वास लागत होता. डोळे उघडले नाहीत. पाटी भुईला टेकल्याचा आवाज झाला.

मग शांत.

खाडीचा बुडबुड आवाजही बंद.

मग कोणीतरी मान मोकळी केली. कट्... कट्. दोनदा. आणि पावलं निघाली, पालघरच्या दिशेनं. हलकी. रिकामी. पोरगी सुट्टीला निघाल्यासारखी. लांब गेली. गेली.

तेजलनं डोळे उघडले तेव्हा रस्ता कोरडा होता. पाटी नव्हती. दुधाचा टेम्पो समोरून येत होता, त्यानं तिला उचलून घरी सोडलं.

उषा बंदरावरून आली तर लेक घोंगडी गुंडाळून चुलीपाशी बसलेली. सगळं ऐकून घेतलं. मला हाक मारली. मीही ऐकलं.

"मावशी, कोण असेल?" उषानं विचारलं.

पाटी घेऊन त्या रस्त्यानं एकच बाई गेली असती तर मी नाव सांगितलं असतं.

"मैदानाला जाऊ दे का हिला? का हे सगळं सोडून देऊ?"

"जाते मी," तेजलच म्हणाली. "थांबले तर परत कधी धावणार नाय."

शुक्रवारी मैदान झालं. उषा घरी देवापुढे बसली होती, उठली नाय. जागृती जाळीबाहेर उभी होती, तिनं येऊन सांगितलं. म्हणाली, सगळ्या पोरी सुसाट सुटल्या आणि ही मागं राहिली. मला वाटलं, झालं, संपलं. आखूड आखूड पावलं टाकत होती, म्हाताऱ्या बाईसारखी. दुसऱ्या फेरीला पुढच्या एकेक करून वाकायला लागल्या, आणि ही तशीच. एकेकीच्या बाजूनं निघून गेली. "पण मावशी, एक सांगू? तिचं डोकं हललं नाय. एवढी धावली, पण मान इकडची तिकडं नाय. डोक्यावर भरली कळशी ठेवली असती तरी थेंब सांडला नसता."

तेजलला विचारलं, काय ऐकू येत होतं का? ती म्हणाली, माझाच श्वास, दुसरं काय नाय.

धावण्यात ती पास झाली. मग लेखी झाली. मग एक दिवस यादी लागली आणि वामन बंदरावरून पळत आला, एक चप्पल वाटेतच राहिली. दिसेल त्याच्या हातावर पेढा. उषाचा आवाज आख्ख्या आळीत, आणि त्या दिवशी कोणी तिला हळू बोल म्हटलं नाय. लेकीच्या पगारावर वामननं यंदा छोटी होडी घेतली. स्वतःची. दुसऱ्याच्या बोटीवर जाणं सुटलं.

पण त्याच्या आधीचं एक सांगायचं राहिलं. ट्रेनिंगला निघायच्या आदल्या संध्याकाळी उषा तेजलच्या केसांना तेल लावत होती. मी समोर बसले होते, बोलणं चाललं होतं. हसणं चाललं होतं.

उषाचा हात थांबला.

तिनं केस बाजूला केले. माझ्याकडे बघितलं. मी उठून जवळ गेले, दिवा जवळ धरला.

टाळूच्या मधोमध एक गोल जागा. केस नाहीत. गुळगुळीत, घट्ट, थोडी दबलेली. चाळीस वर्षं पाटी वाहिलेल्या बाईच्या टाळूला असते, तशी. माझ्या आयला होती.

तेजलनं जन्मात डोक्यावर पाटी घेतलेली नाय.

"काय गो आये, काय झालं?" तेजलनं विचारलं.

"काय नाय," उषा म्हणाली. तिनं त्या जागेवरून केस ओढून घेतले आणि वेणी घट्ट बांधली.

अजून तिथं केस आलेले नाहीत. वरून सरकारी टोपी असते, म्हणून कोणाला दिसत नाय.