दोराचं दुसरं टोक

दिवा जरा जवळ घ्या, सांगतो. त्या दुपारी आम्ही दोघं रुग्णवाहिका धूत होतो. मी आणि माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. आमचं बचाव पथक स्वयंसेवकांचं. पगार नाही, जेवायला वेळ नाही, घरच्यांची बोलणी मात्र पोटभर. मला या फंदात ओढलं ते त्यानंच. "दाजी, तुमच्या हातून चार माणसं वाचली तर काय बिघडलं?" म्हणाला. मी भोळा सांब, गेलो.

तेवढ्यात फोन आला. बर्फाच्या कारखान्यात अमोनिया वायूची नळी फुटली होती आणि पहारेकरी आत अडकला होता.

आमच्या कामात देव एकच, दोर. धुरात, वायूत जो शिरतो त्याच्या कमरेला एक टोक आणि दाराशी उभ्या जोडीदाराच्या हातात दुसरं. एकदा ओढलं की 'मी आहे'. समोरच्यानं एकदा ओढून तेच उत्तर द्यायचं. तीनदा म्हणजे 'माणूस सापडला', आणि ती खूण फक्त आतल्यानं द्यायची. आभाळ कोसळलं तरी बाहेरच्यानं दोर सोडायचा नाही.

"सोडशील बिडशील हं," वायुरोधक मुखवटा चढवताना मी थट्टा केली.

"काहीतरीच काय दाजी! ताईला तोंड दाखवायचंय मला."

बाहेर लख्ख ऊन होतं. आत मात्र डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. मुखवट्यातूनही तो उग्र दर्प नाकात शिरत होता. कुठेतरी थेंब टपकत होते. मी दोर ओढला. उत्तर आलं, पण सावकाश आणि जड. आमचा मेहुणा म्हणजे सगळं घाईचं काम. म्हटलं, चला, पोरगं सुधारलं एकदाचं.

पहारेकरी बर्फाच्या लाद्यांच्या मागे भिंतीला टेकून बसलेला सापडला. पापण्यांवर बर्फ धरला होता, मुठी आवळलेल्या. नाडी पाहिली... सगळं संपलं होतं. मी उठलो आणि दिशाच चुकलो. डोळे चुरचुरत होते, श्वास अपुरा पडत होता. मी नुसता अंधार चाचपडत राहिलो. तेवढ्यात दोर ताणला गेला. हळूहळू, हात धरून न्यावं तसं कुणीतरी मला ओढत दारापर्यंत आणलं.

दारात कुणीच नव्हतं. दोराचं टोक उंबऱ्यावर मोकळं पडलं होतं. पार कोपऱ्यावर रुग्णवाहिका उभी होती, काचा बंद, आणि आत मेहुणा नाकाला रुमाल लावून बसलेला.

"तुम्ही आत गेलात आणि तुमचा जोडीदार दोर टाकून पळाला," कारखान्याचा फिटर म्हणाला.

"मग दोर धरला कुणी?"

"कुणी नाही हो... आम्ही सगळे लांबच होतो."

संध्याकाळी घरी मेहुणा रंगवून सांगत होता, "ताई, हात सोलवटले, पण दोर नाही सोडला." बायकोच्या डोळ्यांत पाणी. मला म्हणाली, "माझा भाऊ होता म्हणून आज तुम्ही आहात." घरच्याच माणसानं केसानं गळा कापला होता, आणि त्याला वाढत होती माझीच बायको. त्याचे तळहात अगदी गुळगुळीत होते. पण बघतंय कोण? सोलवटलेले तळहात होते पहारेकऱ्याचे. प्रेत बाहेर काढल्यावर डॉक्टर म्हणाले होते, "तुम्ही पोचण्याआधीच तो गेला होता. पण हे दोराचे वळ ताजे कसे, कळत नाही."

मी कुणाला काही बोललो नाही. पुढे एका जुन्या गोदामाच्या तळघरात धूर कोंडला, तेव्हा मेहुणा साळसूदपणे दोरासाठी हात पुढे करून उभा. मी टोक जमिनीवर टाकलं. "राहू दे. धरणारा आहे."

आत जाऊन एकदा ओढलं. सावकाश, जड उत्तर आलं. जिवाला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? आणि मग मी हातही न लावता दोर हलला. एकदा... दोनदा... तीनदा.

माणूस सापडला.

मी आल्या पावली बाहेर धावलो. मेहुणा दाराशी उभा, चेहरा पांढराफटक. दोर त्याच्या मनगटाला घट्ट गुंडाळलेला, आणि भर उन्हात त्यावर बर्फ धरलेला.

"दाजी... मी हात नाही लावला हो... सोडवा ना..."

गाठ सुटेना. आधी मी माझ्या कमरेचं टोक काढून टाकलं आणि चाकू उघडला. ते टोक सरपटत अंधारात गेलं आणि आतून दोर ताणला गेला. मेहुण्याचा पाय उंबऱ्याच्या आत सरकला.

"दाजी, धरा मला... सोडू नका..."

बायकोचा भाऊ आहे. धरलं, आणि दोर कापला. नंतर विजेऱ्या घेऊन सगळे खाली उतरलो. तळघर रिकामं होतं. दोरही नव्हता.

आता त्याचे तळहात खरंच सोलवटलेत, त्यानं सांगितले होते अगदी तस्से. जखमा भरत नाहीत. बायको मलम लावते आणि म्हणते, "इतके गार कसे रे तुझे हात?" तो हात मागे घेतो. मग त्याचं मनगट एकदाच हळू ओढलं जातं, आणि तो माझ्याकडे बघतो... उत्तर देऊ की नको, असं.